पाण्याच्या टाकीच्या आवारातल्या भित्तिचित्र स्पर्धेआधी एवढं बघ

भावा, विषय 'पाणी वाचवा' ठेवू नकोस. शंभरातली नव्वद चित्रं गळक्या नळाचीच येतील. 'काळम्मावाडीचं पाणी माझ्या नळापर्यंत' असा दे, म्हणजे मुलं आपल्या कोल्हापूरला पाणी देणारं ते धरण, जलवाहिनी, पुईखडीचं शुद्धीकरण केंद्र शोधत बसतील.

भिंत निवडताना पाणी साठतं ती टाकीची भिंत टाळ. आतून ओल झिरपते, रंगाला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. पंपघर किंवा कंपाउंड बरं. जलअभियंत्यांची परवानगी लेखीच घे. व्हॉल्व्हचे नंबर, पातळीची पट्टी रंगाखाली गेली तर पाणी सोडणारा चावीवाला तुलाच शोधत येईल! परांची बांधावी लागेल इतकं उंच जाऊ नका, सात फुटांपर्यंत बस्स.

नवा गिलावा असेल तर २८ दिवस थांब. मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर, त्यावर अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात. लिटरमागे साधारण ५० चौरस फूट धर. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच, आपल्या पावसात रंग वाळत नाही.

प्रवेशिका भिंतीच्याच प्रमाणात मागव, कागदावरच्या एका इंचाला भिंतीवर एक फूट. चौकटी आखल्या की तालमीतली पोरंसुद्धा चित्र भिंतीवर उतरवतात.