एकाच जागेचा अक्षांश जीपीएस ३६°४५.३०' दाखवतो आणि फोनचा नकाशा ३६.७५५०. यातलं बरोबर कोणतं?

दोन्ही बरोबर. जागा एकच आहे, फक्त अंशाखालचा भाग लिहायची तऱ्हा वेगळी. तुमचा जीपीएस अंश आणि मिनिटं सुटी ठेवून दशांश मिनिटांना देतो, फोन थेट अंशाला. ४५.३० ला ६० ने भागा, ०.७५५ येईल. ते ३६ मध्ये मिळवलं की झाला फोनचा आकडा.

तिसरी तऱ्हाही कधीतरी समोर येईलच: ३६°४५'१८". इथे मिनिटाचा दशांश ६० ने गुणून सेकंद केलेत, ०.३० गुणिले ६० म्हणजे १८. पंचांगातल्या अंश, कला, विकला त्या ह्याच.

घोटाळा होतो तो एका तऱ्हेचा आकडा दुसऱ्या तऱ्हेने वाचला की. तुमचं ३६°४५.३०' कोणी ३६.४५३० असं टाकलं, तर उत्तर-दक्षिण ३३ किलोमीटरहून जास्त फरक पडतो. ही चूक नकाशा उघडताच डोळ्यांत भरते. पण तेच ३६°४५'३०" असं वाचलं, तर फरक जेमतेम ३७० मीटरचा, आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. डोंगरात एका झऱ्याची जागा मी अशीच उतरवून घेतली होती. पोचलो तो कड्याच्या वरच्या काठावर. पाण्याचा आवाज येत होता, पण खालून. तेव्हापासून आकडा लिहिताना अंश-मिनिटांच्या खुणा मी गाळत नाही. मिनिटं आणि सेकंद ६० पर्यंत कधीच पोचत नाहीत, हेही ध्यानात ठेवा: फोनवरच्या ३६.७५ मधले ७५ मिनिटं असूच शकत नाहीत.

मग मिनिटांची भानगड हवी कशाला? समुद्रावर ती फार सोयीची आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, १८५२ मीटर. त्यामुळे सागरी नकाशाच्या उजव्या-डाव्या कडेवरची मिनिटं हीच मोजपट्टी. कर्कटक लावायचा आणि मैल मोजायचे. वरच्या-खालच्या कडेवर मात्र मोजू नका. विषुववृत्तापासून दूर जाल तसं रेखांशाचं मिनिट आखूड होत जातं, ६० अंशांवर तर निम्मंच उरतं.

दशांशानंतर किती आकडे ठेवायचे? अंशांत पाच पुरेत, पाचवा आकडा सुमारे एक मीटरचा. उघड्यावरसुद्धा फोन काही मीटर इकडेतिकडे असतोच, पुढची शेपटी निव्वळ शोभेची.

दशांश अंशांत दक्षिण आणि पश्चिमेला उणे चिन्ह लागतं, ते विसरलात तर गोलार्धच बदलतो. आकडे नकाशात टाकताना अक्षांश आधी, पण जिओजेसनसारख्या, नकाशाची माहिती साठवणाऱ्या फायलींमध्ये रेखांश आधी असतो. आणि सगळं जुळूनही जुन्या कागदी नकाशावर जागा शंभर-दोनशे मीटर सरकलेली दिसली, तर त्याच्या कोपऱ्यात डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, कोणता छापलाय ते बघा. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा डेटम वापरतो.

रोजच्या वापरासाठी हाताने गणित करत बसू नका. जीपीएसच्या सेटिंगमध्ये पोझिशन फॉरमॅट असतो, तो फोनसारखा करून टाका. वायरलेसवर जागा सांगायची वेळ आली तर मात्र एकक उच्चारून सांगा: छत्तीस अंश, पंचेचाळीस पॉइंट तीन शून्य मिनिटं, उत्तर. आणि समोरच्याकडून तसंच्या तसं परत म्हणवून घ्या.