कॉलेजच्या मुलांना लैंगिक अत्याचार रोखण्यासाठी पीअर एज्युकेटर म्हणून तयार करायचं असेल तर दोन दिवसांत काय शिकवावं?

तुमचं कॉलेज तालुक्याच्या गावी आहे, अकरावी-बारावी आणि पदवीचे वर्ग एकाच आवारात भरतात, प्राचार्यांनी दोन दिवस दिलेत आणि एनएसएसची तीसेक मुलंमुली पीअर एज्युकेटर, म्हणजे बरोबरीच्या मुलांशी बोलणारे आणि त्यांचं ऐकून घेणारे विद्यार्थी, म्हणून तयार करायचीत. कायदा किती शिकवायचा आणि मुलगे-मुली एकत्र बसवायचे का, असं तुम्ही विचारलंय. मी समुपदेशक आहे, अशी प्रशिक्षणं घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कायद्यापासून सुरुवात करू नका. बहुतेक ठिकाणी वकीलबाई येतात, कलमं सांगतात, मुलं वहीत उतरवतात, बॅनरसमोर फोटो निघतो. तुमचा पीअर एज्युकेटर उद्या एफवायच्या वर्गात बोलून बाहेर पडेल तेव्हा जिन्यात कोणीतरी रेंगाळत असेल आणि म्हणेल, "जरा बोलायचं होतं, कोणाला सांगू नकोस हं." पुढच्या दहा मिनिटांत तुमचा पीअर एज्युकेटर काय बोलतो, काय बोलत नाही, यावर पुष्कळ काही ठरतं. सगळं प्रशिक्षण त्या दहा मिनिटांसाठी आहे असं समजून उलट्या दिशेने आखा.

"कोणाला सांगू नकोस" याला "नाही सांगणार, शप्पथ" असं उत्तर द्यायचं नाही, हे सगळ्यात आधी पक्कं करून घ्या. तुमच्या आवारात अकरावी-बारावीची मुलं आहेत, एफवायलाही काही जण सतरा वर्षांचे असतात. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम 19 प्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, त्याने ते पोलिसांना कळवावंच लागतं, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून तुमच्या मुलांना हे वाक्य पाठ हवं: "मी गावभर करणार नाही, पण तू अठराच्या आतली असशील किंवा तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मॅडमना सांगावं लागेल. ते चालणार असेल तर बोल, मी ऐकतोय." ऐकायला रुक्ष वाटतं. पण आधी वचन द्यायचं आणि मग मोडायचं, त्यापेक्षा बरं.

त्यानंतरची वाक्यंसुद्धा तोंडात बसेपर्यंत म्हणून घ्या. "सांगितलंस ते बरं केलंस." "यात तुझी चूक नाही." "आता तुला काय करावंसं वाटतंय?" आणि न विचारायचे प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा: तू तिथे गेलीसच कशाला, आधी का नाही बोललीस, नक्की असंच झालं का. चांगल्या मनाची मुलंही घाबरली की हेच विचारतात. खरंखोटं शोधणं हे त्यांचं काम नाही, समुपदेशनही नाही. ऐकायचं, पुढची वाट दाखवायची, ती म्हणाली तर सोबत जायचं, आणि तिथे थांबायचं.

पुढची वाट दाखवायला लागेल तेवढाच कायदा शिकवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तिच्यात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही असतात. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मुदत वाढू शकते, चौकशी 90 दिवसांत संपवायची. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडू शकतात, हे त्या नियमांत मान्य केलेलं आहे; ही ओळ मुलग्यांना मुद्दाम वाचून दाखवा. प्रशिक्षणाआधी एक काम तुम्ही करा: आपल्या समितीच्या अध्यक्ष कोण, हे दहा विद्यार्थ्यांना विचारा. एकालाही सांगता आलं नाही तर आधी त्या मॅडमना वर्गावर्गात फिरवा. (नोटीस बोर्डावरच्या यादीत बदली होऊन गेलेल्या मॅडमचं नाव असतं, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलंय.)

बलात्काराच्या बाबतीत पोलिसांइतकंच दवाखान्याचं शिकवा, कारण ते सहसा राहून जातं. रुग्णालय सरकारी असो की खासगी, उपचार मोफत आणि ताबडतोब द्यावे लागतात, आणि आधी एफआयआर आणा म्हणून परत पाठवता येत नाही. मात्र रुग्णालयाने पोलिसांना कळवायचं असतं, तेही तिला आधी माहीत हवं. गर्भ राहू नये म्हणून गोळी जितक्या लवकर तितकी चांगली, आणि एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार 72 तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. रात्री हॉस्टेलवर मैत्रीण रडत असताना कोणाला कलम आठवत नाही, तास आठवले तर उपयोग होतो. 112 (तातडीची मदत) आणि 181 (महिला हेल्पलाइन) हे नंबर आणि अत्याचार झालेल्या बाईला एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तिथेच बसून सेव्ह करून घ्या.

एक प्रश्न हमखास येईल, बहुधा चिठ्ठीवर: "दोघांची मर्जी असेल तर?" टाळू नका. 18 च्या खाली कायदा मर्जी धरतच नाही. 18 च्या वर मर्जी धरतो, पण ती दर वेळी हवी, दारूच्या नशेतली किंवा धमकीने मिळवलेली चालत नाही, आणि गप्प राहिली म्हणजे हो म्हणाली असं होत नाही.

दुसरा दिवस पूर्ण सरावाला द्या. प्रसंग मुलांकडूनच घ्या: गॅदरिंगची उशिरापर्यंत चाललेली तालीम, सहलीच्या बसमधली मागची सीट, एसटी स्टँड, ग्रुपवर फिरणारा कोणाचा तरी फोटो, प्रोजेक्टसाठी केबिनमध्ये एकटीलाच बोलावणारे सर. हिरोगिरी शिकवू नका, मारामारीत अजून एक जण अडकतो. "अगं चल, माझं जर्नल तुझ्याकडे राहिलंय" एवढं म्हणून मुलीला तिथून बाहेर काढता येतं. मित्राला "बस झालं रे" म्हणणं मात्र फार अवघड जातं, ते पाच-पाच वेळा करून घ्या, नुसतं समजावून सांगू नका.

एकत्र की वेगळं? माझं मत: पहिल्या दिवशी सकाळी वेगळं, मग एकत्र. वेगळं बसल्यावर मुलगे जे बोलतात ते मुलींसमोर बोलत नाहीत, आणि काम तिथेच असतं. मुंबईतली 'मावा' ही पुरुषांनी 1993 मध्ये सुरू केलेली संस्था कॉलेजच्या मुलग्यांना घेऊन हेच काम करत आली आहे. जमल्यास त्यांच्याशी बोला.

निवडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. वक्तृत्व स्पर्धेतली बक्षिसं मिळवणारी तीस मुलं घेऊ नका. ज्याला वर्गातली पोरं आपणहून मनातलं सांगतात तो घ्या, हॉस्टेलची एखादी मुलगी, कबड्डीच्या टीममधला एखादा. तीसमधल्या काही जणांवर स्वतःवरही काही ओढवलेलं असू शकतं. विषय आधी सांगा आणि कारण न विचारता बाहेर जायची मुभा द्या.

दोन दिवस पुरतील का? सुरुवातीला पुरतील. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत चार्लीन सेन यांनी विद्यार्थिनींसाठी 12 तासांचा कार्यक्रम घेतला, चार सत्रं, प्रत्येकी तीन तासांची. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे वर्षभरात बलात्काराचं प्रमाण कार्यक्रम केलेल्यांत 5.2 टक्के होतं, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत 9.8. तो कार्यक्रम वेगळा, थेट विद्यार्थिनींसाठीचा, पण तासाभराच्या व्याख्यानाने असा फरक पडल्याचं मी कुठे पाहिलं नाही. तेव्हा दोन दिवसांनंतर महिन्यातून एकदा दीड तास बसा, कोणी काय ऐकलं ते नाव न घेता बोलू द्या, कारण ऐकून ऐकून ही मुलंही थकतात. आणि टीवायची मुलं कमी घ्या, परीक्षा झाली की ती निघून जातात आणि जूनमध्ये तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करता.