दुकानात उभं राहून मोठ्याने वाच

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. सोबतची यादीही पाहिली. ती तू केलेली नाहीस हे पहिल्या ओळीलाच कळलं. ‘पंचतंत्र संच’, ‘नीतिकथा संच’, ‘संस्कारकथा भाग 1 ते 6’, ‘रंगीत मुळाक्षरे’. बालवाडीसाठी देणगी आलीय, मार्चच्या आत खर्ची घालायचीय, असं सांगितलं की प्रत्येक दुकानदार हीच यादी पुढे करतो. तू विचारतेस, यातले कुठले संच घेऊ? एकही नाही. संच घ्यायचाच नाही. पुस्तक एकेक घ्यायचं, आणि घेण्याआधी दुकानात उभं राहून मोठ्याने वाचायचं. मनात नव्हे, मोठ्याने.

मुलांना गोष्टी का सांगायच्या, हे मी तुला सांगत बसत नाही. ते पटलं नसतं तर शहरातली नोकरी सोडून तू पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या पाड्यावर राहायला गेलीच नसतीस. तुझा घोळ पुढचा आहे. सगळी पुस्तकं सारखीच दिसतात, प्रत्येकावर रंगीत ससा आहे, निवडायचं कसं?

तीन ते सहा वर्षांचं मूल वाचत नाही, ऐकतं आणि बघतं. त्याच्यासाठी पुस्तक म्हणजे समोरचं चित्र आणि तुझा आवाज. म्हणून मजकूर तोंडात कसा बसतो हे आधी बघायचं. डोळ्यांनी वाचताना वाईट वाक्यही खपून जातं, जीभ मात्र अडखळते. “‘ओह, किती सुंदर दिवस आहे हा!’ ससा आनंदाने उद्गारला.” हे एकदा मोठ्याने म्हणून बघ. कुठल्या घरात कोण असं बोलतं? “ससा बाहेर आला. बघतो तर काय, लख्ख ऊन!” आता म्हण. आवाज आपोआप चढतो की नाही? जे वाक्य तुझ्या तोंडात उभं राहत नाही, ते मुलांच्या कानात शिरणार नाही. मग कागद कितीही गुळगुळीत असो.

चिऊकाऊची गोष्ट आपल्याकडे इतकी वर्षं टिकली ती कशाच्या जोरावर, याचा कधी विचार केलायस? कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा दारात भिजत उभा राहतो. “चिऊताई, चिऊताई, दार उघड.” “थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे.” पुन्हा हाक. “थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे.” गोष्टीचा सगळा जीव या थांबण्यात आहे. तिसऱ्या हाकेला सगळी बालवाडी ओरडते, “थांब!” मूल कधी कावळा होतं, कधी चिमणी, आणि दार उघडेपर्यंत श्वास धरून बसतं. शेवटी कुठल्या घरात कावळ्याला चटका बसतो, कुठे तो चुलीपाशी शेकत बसतो. दोन्ही चालतं. आता हीच गोष्ट संचातल्या पुस्तकात काढून बघ. दोनदा हाक, लगेच दार, आणि खाली चौकटीत ‘तात्पर्य : संकटात शेजाऱ्याला मदत करावी.’ हाका कापल्या आणि तात्पर्य चिकटवलं. मोठ्याने वाचलंस तर या चौकटीपाशी तुझा आवाज कसा बदलतो ते तुझं तुलाच ऐकू येईल. गोष्ट सांगणारी ताई तिथे संपते आणि दटावणारी बाई सुरू होते.

तात्पर्याबद्दल तू लिहिलंयस की देणगीदारांना ते हवं आहे. त्यांना माझ्याकडून एवढंच सांग, की ज्या पंचतंत्राचा ते आग्रह धरतात, ते त्यातल्याच कथेनुसार विष्णुशर्म्याने राजपुत्रांना सांगितलं. राज्य चालवायला निघालेल्या पोरांना. मैत्री कशी तुटते, शत्रूला कसं फसवायचं, हातातलं कसं जातं, हा त्याचा विषय. तो ग्रंथ थोर आहेच. पण तीन वर्षांच्या मुलासाठी त्याचे आठ-आठ ओळींचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाला शेपटी म्हणून उपदेश लावायचा, यात ना ग्रंथाचा मान राहतो ना मुलाचा. ज्या गोष्टीत मुलाने विचारायला हवं, “मग माकडाचं काय झालं?”, तिथे आपणच उत्तर देऊन त्याचं तोंड बंद करतो. दुकानात मोठ्याने वाच. तात्पर्याची चौकट आली की पुस्तक मिटून ठेव. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

आता चित्रांचं. दुकानात बरोबर कुणाला तरी घेऊन जा. पुस्तक उघडून त्यांच्या हातात दे आणि तू सात-आठ फूट मागे जा. वर्तुळात मागे बसलेलं मूल तुझ्यापासून साधारण तेवढंच लांब असतं. तिथून पात्र कोण, ते काय करतंय, कुठे बघतंय, हे दिसलं पाहिजे. कित्येक पुस्तकांत पानभर फुलं, फुलपाखरं, इंद्रधनुष्य, ढग, आणि त्यात कुठेतरी गोष्ट हरवलेली. काहींत नेमका चेहराच दोन पानांच्या घडीत जातो. काहींत अक्षरं गडद चित्रावर छापलेली, तुलाच दिसणार नाहीत. बांधणीही बघ. मधोमध पिना मारलेलं पुस्तक सपाट उघडतं, एका हाताने मुलांकडे तोंड करून धरता येतं. नुसत्या गोंदाने चिकटवलेलं पुस्तक आपोआप मिटत राहतं, आणि तुमच्याकडच्या पावसाळ्यात त्याची पानं सुटतात.

पण हे झालं बाहेरचं. चित्रपुस्तकात खरी गंमत असते ती चित्राला शब्दांपेक्षा जास्त ठाऊक असण्यात. शब्द म्हणतात, “घरात कोणीच नव्हतं.” चित्रात खाटेखाली शेपटी दिसते. वाचता न येणारं मूल वाचता येणाऱ्या ताईच्या पुढे जातं ते अशा पानावर. ते उठून पुस्तकापाशी येतं आणि बोट ठेवतं. मोठ्याने वाचताना तुझी नजर अक्षरांवर असते आणि मुलांची चित्रावर, म्हणून या दोन्हींत काही देवाणघेवाण चाललीय का, हे वाचतानाच कळतं. शब्दात ‘लाल चेंडू’ आणि चित्रातही नुसता लाल चेंडू, असं पानामागून पान असेल तर तो तक्ता झाला. तो भिंतीवर लाव, त्यावर पुस्तकाचे पैसे घालवू नकोस.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं अजून हातात घेतली नसशील तर आधी ती घे. 2014 साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, पण मी सांगते ते पुरस्कारासाठी नाही. त्या स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रं काढतात, म्हणून शब्दांनी कुठे गप्प बसायचं हे त्यांच्या पुस्तकांना ठाऊक असतं. ‘राधाचं घर’ मोठ्याने वाच. घरातली माणसं, त्यांच्या सवयी, बस्स. ससा नाही, परी नाही, कोणी कुणाला धडा शिकवत नाही. आणि मराठी कशी, तर स्वयंपाकघरात बोलतो तशी.

प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेबद्दल तू विचारलंयस. त्यांचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ 2015 पासून सुरू आहे. फोनवर फुकट वाचता येतं, उतरवून छापता येतं, मराठीत पुष्कळ गोष्टी आहेत. स्तर दिलेले असतात, पहिल्या स्तराची पुस्तकं अडीचशे शब्दांच्या आतली. तुझ्यासाठी हा मोठा आधार आहे, पैसे नसतानासुद्धा. पण तिथे भाषांतर कुणालाही करता येतं, त्यामुळे एक गोष्ट झकास आणि शेजारची ओबडधोबड, असं होणारच. नॅशनल बुक ट्रस्ट, तूलिका, एकलव्य या प्रकाशकांच्या पुस्तकांनाही नियम तोच. अनेक भाषांत निघणाऱ्या पुस्तकांत चित्रांची छपाई साधारणपणे एकच असते, भाषेपुरता काळ्या शाईचा मजकूर बदलतो. पुस्तक स्वस्त पडतं ते त्यामुळेच. मात्र मूळ भाषेसाठी सोडलेल्या जागेत मराठी वाक्य कोंबावं लागतं, आणि कोंबलेलं वाक्य वाचताना लगेच उघडं पडतं. प्रकाशकाचं नाव बघून विश्वास टाकू नकोस. माझ्या नावावरही टाकू नकोस. मोठ्याने वाच.

तुझ्या पर्यवेक्षिका म्हणतात, पाड्यावरच्या मुलांना हे समजणार नाही, त्यांना झाडं-प्राणी एवढंच द्या. हे वाचून मला राग आला, तो लपवत नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे त्या आपल्या सहकारी अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, खडे, पानं हे त्यांचं साहित्य. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्याला कायम तिथेच ठेवायचं, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. तुझ्या पाड्यावरच्या मुलीने पुस्तकात लिफ्ट बघितली तर काय बिघडलं? ती विचारेल, “ही खोली वर कशी जाते?” तू सांगशील. पुस्तकाची मराठी तिच्या घरच्या वारलीपेक्षा वेगळी आहे, हे खरं. म्हणून पुस्तक आधी त्यांच्या बोलीत सांग, मग छापलंय तसं वाच, मग दोन्ही मिसळ. बोली तुला अजून येत नसेल तर मदतनीस ताईंना सांगू दे. त्या सांगतील तेव्हा तू मुलांत खाली बस आणि ऐक. कुठे हसू फुटतं ते टिपून ठेव. वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट ही संस्था अंगणवाड्यांसाठी आणि शाळांसाठी वर्षानुवर्षं काम करते. त्यांच्या ‘गोष्टरंग’ या उपक्रमाचे कलाकार शाळेत येऊन गोष्ट सादर करतात तेव्हा मुलं काय ऐकू शकतात, किती वेळ ऐकू शकतात, हे एकदा जाऊन डोळ्यांनी बघ. मग ‘समजणार नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला तुला माझी गरज पडणार नाही.

मला लोक हेकट म्हणत. अजूनही म्हणतात. अंगणवाड्यांच्या पुस्तकखरेदी समितीवर होते तेव्हा न वाचलेल्या पुस्तकांच्या यादीवर मी सही करत नसे. गठ्ठा समोर आला की एकेक उघडून बैठकीतच वाचायला लागायचे. अधिकारी घड्याळ बघायचे, एकदा एकाने मला बैठक सोडून बाहेर जायला सांगितलं. निधी परत गेला तर जबाबदार तुम्ही, असं लेखी दिलं गेलं. मी तरी काय करायला हवं होतं? वजनावर घेतल्यासारखी पुस्तकं घ्यायची, ती कपाटात जायची, टेबल-खुर्च्यांसारखी जडवस्तू नोंदवहीत चढायची, आणि फाटली तर पगारातून कापतील या भीतीने सेविका कुलूप लावायची. असली कपाटं मी किती उघडून घेतली! आत पुस्तकं कोरी करकरीत, बाहेर मुलं पाटीवर रेघोट्या ओढतायत. माझ्यावर आडमुठेपणाचा ठपका आला तो मला मान्य आहे, पुन्हा तशी बैठक झाली तरी मी तशीच वाचायला लागेन. दुःख आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. अंगणवाडीत मूल जेमतेम तीन वर्षं असतं. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत एक अख्खी तुकडी पहिलीत निघून जायची, एकही धड गोष्ट न ऐकता. ती मुलं आता बाप्ये झालीत, त्यांना मी ती तीन वर्षं परत देऊ शकत नाही. त्या बैठकांत गेलेल्या दुपारी मला मुलांत बसून घालवायच्या होत्या. म्हणून तू समित्यांशी भांडण्यात वर्षं घालू नकोस, तेवढी तू मोकळी आहेस. तुझ्या हातात थोडे पैसे आहेत आणि समोर मुलं आहेत.

आजी वारल्याच्या गोष्टीचं पुस्तक घ्यावं का, असं भीत भीत विचारलंयस. घे, जर ते मोठ्याने वाचताना तुझा आवाज खरा राहत असेल तर. ‘आजी आकाशात तारा झाली’ म्हणून जे पळ काढतं ते ठेवून दे. मुलांनी पाड्यावर मयत पाहिलेलं असतं, ती तुझ्यापेक्षा कमी घाबरतात. वाचून झालं की लगेच प्रश्न विचारू नकोस, गप्प बस थोडी. कुणीतरी बोलेल.

पुस्तकं आली की कपाटात ठेवायची नाहीत. मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर सुतळी बांध, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी मुखपृष्ठं समोर ठेवून लाव. फाटतील. फाटलेलं पान खळीने चिकटवताना मुलांना जवळ बसव. एकच पुस्तक रोज मागतील तर रोज वाच, कंटाळा तुला येईल, त्यांना नाही. आणि तुलाही फार लवकर कंटाळा येत असेल, तर दुकानात ते तू एकदाच, तेही घाईने वाचलं होतंस.

नाशिकला कधी येतेस ते कळव. सकाळचं ये, दुकान उघडल्या उघडल्या जाऊ, दुपारी गर्दी होते आणि मालक वाचू देत नाहीत. मी बरोबर असेन, पण वाचायचं तूच. पंधरा-वीस पुस्तकं निघाली तरी पुष्कळ झाली. उरलेले पैसे देणगीदारांना विचारून पुढच्या खेपेसाठी ठेव, तसं पत्र मी लिहून देते. बिलावर प्रत्येक पुस्तकाचं नाव आणि किंमत घालून घे. ‘बालपुस्तके, एकूण नग’ असं मोघम लिहू देऊ नकोस, नाहीतर पुढच्या वर्षी तुझ्या जागी येणारीला तू काय घेतलंस आणि का, ते कधीच कळणार नाही.

तुझी,
बाई