विमान स्वतःच बिघाड सांगते, मग इंजिनिअर कशाला?

बार्शीहून एका आईचे पत्र आले आहे. मुलगा बारावी सायन्सला आहे, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स घेतले आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. वडील वीज कंपनीत लाइनमन. मुलाला एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर व्हायचे आहे. पुण्यात आयटीत असलेल्या मामांनी मात्र सांगितले, की हल्लीची विमाने स्वतःचा बिघाड स्वतःच सांगतात, दहा वर्षांत इंजिनिअर उरणार नाहीत. आईचे प्रश्न दोन: मामांचे खरे मानायचे का, आणि इंग्रजी बेताचे असताना मुलाला हे झेपेल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

मामांचे म्हणणे निम्मे खरे आहे. ते निम्मे कोणते, ते आधी नीट समजून घेऊ, कारण मुलाला पुढे रोज त्याच यंत्रणेशी काम करायचे आहे.

एअरबस ए320 घ्या. आपल्याकडे सर्वांत जास्त उडणारी विमाने याच कुटुंबातली. ब्रेक, केबिनमधली हवा, इंधन, पंखांचे हलते भाग, अशा जवळपास प्रत्येक यंत्रणेला तिचा संगणक असतो आणि त्या संगणकातच स्वतःची तपासणी करण्याची सोय बसवलेली असते. तिला 'बाईट' म्हणतात. वीज मिळाली की संगणक आधी स्वतःला तपासतो. मग उड्डाणभर आपले सेन्सर, तारा आणि दुसऱ्या संगणकांकडून येणारी माहिती यांवर लक्ष ठेवतो, आणि काही बिनसले की नोंद करून ठेवतो. या सगळ्यांच्या नोंदी एका मध्यवर्ती संगणकाकडे जमा होतात. विमान उतरले की कॉकपिटमधल्या प्रिंटरवर पोस्ट फ्लाइट रिपोर्टची पट्टी छापून निघते. कोणता इशारा आला, किती वाजता, उड्डाणाच्या कोणत्या टप्प्यात, तक्रार कोणत्या संगणकाची, आणि एटीए चॅप्टरचा आकडा (विमानाच्या प्रत्येक यंत्रणेला दिलेला ठरावीक क्रमांक), हे सगळे त्यात असते. 32 दिसले की लँडिंग गिअर, 29 म्हणजे हायड्रॉलिक, 36 म्हणजे इंजिनातून घेतलेली दाबाची हवा. हाच मजकूर एकार्स नावाच्या संदेशयंत्रणेने विमान हवेत असतानाच जमिनीवर पोहोचू शकतो. त्यामुळे उतरण्याआधीच सुटा भाग आणि माणूस तयार ठेवता येतो. बोइंगने 747-400 या विमानात असाच मध्यवर्ती मेंटेनन्स कॉम्प्युटर दिला, ते विमान 1989 मध्ये सेवेत आले. 777 आणि 787 मध्ये ही व्यवस्था आणखी पुढे गेली. एवढे मामांचे बरोबर.

पण ती पट्टी हातात आल्यावर काय होते, तिथे इंजिनिअरचे खरे काम सुरू होते. समजा, इंजिनातून येणाऱ्या हवेचा दाब कमी असल्याचा संदेश आहे. दोष झडपेत असेल, तापमान नियंत्रकात असेल, दाबाच्या सेन्सरमध्ये असेल, त्याच्या तारेत असेल, किंवा झडपेला जोडलेल्या बारीक नळीत गळती असेल. जुन्या ए320 मध्ये ती झडप हवेच्या दाबावरच चालते, त्यामुळे नळीतली गळती संगणकाला थेट दिसतच नाही, त्याला फक्त परिणाम कळतो. मग ट्रबलशूटिंग मॅन्युअल उघडायचे, त्या संदेशाचे टास्क काढायचे, कॉकपिटमधल्या एमसीडीयू या पडदा-कीपॅडवरून त्या यंत्रणेची चाचणी लावायची, तारेचा रोध मोजायचा, जोड तपासायचे. घाईत संशयित संगणकाची पेटीच बदलून मोकळे होणारेही पुष्कळ असतात. काढलेली पेटी वर्कशॉपला जाते आणि 'नो फॉल्ट फाउंड' असा शेरा घेऊन परत येते, कारण दोष पेटीत नव्हताच, कनेक्टरमधल्या ओलाव्यात किंवा घासलेल्या तारेत होता. चार दिवसांनी तोच स्नॅग, म्हणजे बिघाड, पुन्हा टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत येतो.

हे किती गंभीर ठरू शकते, ते एका अपघातावरून सांगते. 28 डिसेंबर 2014 ला एअरएशियाचे ए320 विमान सुराबायाहून सिंगापूरला जाताना जावा समुद्रात कोसळले, 162 जण गेले. इंडोनेशियाच्या तपास समितीच्या अहवालात म्हटले आहे, की शेपटीतल्या रडरची हालचाल मर्यादित ठेवणाऱ्या युनिटच्या सर्किट बोर्डवरचा सोल्डरचा जोड तडकलेला होता. त्या युनिटबद्दल त्याच विमानात 2014 या एका वर्षात 23 तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्यातले अंतर कमी कमी होत चालले होते. म्हणजे यंत्र सांगत होते, परत परत सांगत होते. प्रत्येक वेळी तेवढ्यापुरता उपाय झाला आणि विमान पुन्हा उडाले. शेवटच्या उड्डाणात तोच इशारा चार वेळा आला. चौथ्या वेळच्या नोंदी संबंधित संगणकांचे सर्किट ब्रेकर ओढून पुन्हा बसवल्यासारख्या होत्या. त्यानंतर ऑटोपायलट सुटला आणि पायलटना विमान सावरता आले नाही.

तुमच्या यजमानांना हे लगेच कळेल. लाइन वारंवार ट्रिप होत असेल, तर ब्रेकर नुसता वर करून घरी जाणारा आणि तारेला फांदी कुठे लागते ते शोधत शिवारभर हिंडणारा, यांतला फरक त्यांना मी सांगायची गरज नाही. मुलाने लहानपणापासून वडिलांचे ते हिंडणे पाहिले असेल, तर या व्यवसायाचे निम्मे शिक्षण त्याला घरातच मिळाले आहे, हे मी मनापासून म्हणते.

उलट बाजूही आहे. एकच मूळ दोष डझनभर संदेश उठवू शकतो. 1 जून 2009 ला एअर फ्रान्सचे ए330 अटलांटिक महासागरावर नाहीसे झाले. त्याने शेवटच्या पाच मिनिटांच्या आत 24 मेंटेनन्स संदेश पाठवले होते, वेगवेगळ्या यंत्रणांचे. वेगाची माहिती देणाऱ्या नळ्यांमध्ये काही तरी गडबड झाली असावी, असा अंदाज त्यांवरून बांधता आला. मात्र कॉकपिटमध्ये नेमके काय घडले, ते मे 2011 मध्ये समुद्रतळातून रेकॉर्डर वर काढल्यावरच उलगडले. संदेशांच्या गर्दीतून मूळ कोणते आणि नुसता पडसाद कोणता, हे ओळखायला यंत्रणा आता बरीच मदत करते. निर्णय मात्र माणसाचा, आणि खालची सहीही माणसाची. 'विमान उड्डाणास योग्य' असे प्रमाणपत्र कोणताही संगणक देत नाही, ते परवानाधारक इंजिनिअर देतो. काही दोषांसह विमान उडवण्याची परवानगी असते, पण मुदत ठरलेली: वर्गवारीनुसार 3 दिवस, 10 दिवस, 120 दिवस. त्या मुदतीत खरे कारण शोधायचे असते, तेही बहुधा रात्रीत, कारण दिवसा विमान उडत असते.

म्हणून माझे स्पष्ट मत: या यंत्रणांमुळे काम संपणार नाही, पण पुस्तकातले पाठ करून पास होणाऱ्याचे काम कठीण होईल. एअरबसने 2017 मध्ये स्कायवाइज नावाचा डेटा मंच सुरू केला. दोष घडण्याआधीच त्याची चाहूल लागावी, अशी त्यामागची कल्पना. पुढे मेंटेनन्स कंट्रोलमध्ये बसून अनेक विमानांची अशी माहिती एकत्र वाचणारी माणसे लागतीलच. ज्याने रॅम्पवर, म्हणजे विमान उभे करतात त्या जागी, पावसात उभे राहून स्वतः पॅनल उघडले आहे, त्याला ती माहिती लवकर कळते.

आता रस्ता. आपल्याकडे डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना कार-66 या नियमांखाली मिळतो. मोठ्या विमानांसाठी मुलापुढे मुख्यतः दोन पर्याय आहेत. बी1.1 म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमाने: इंजिन, सांगाडा, यांत्रिक आणि विद्युत यंत्रणा. बी2 म्हणजे एव्हिऑनिक्स: इलेक्ट्रॉनिक्स, उपकरणे, संदेशवहन, ऑटोपायलट. घरातला रेडिओ उघडणे, जुन्या मोबाइलचे सर्किट तपासणे हे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून त्याचा कल बी2 कडे वाटतो. मात्र रोजच्या लाइन मेंटेनन्सला, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या देखभालीला, बी1 ची माणसे जास्त लागतात, हेही लक्षात घ्या. दोष शोधणे दोघांनाही चुकत नाही आणि मेंटेनन्स यंत्रणांचा भाग दोघांच्याही अभ्यासात आहे. गणित, भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रिकल यांची पहिली तीन मॉड्यूल दोन्हीकडे आहेत. उत्तीर्ण व्हायला 75 टक्के लागतात, हे त्याला आजच सांगा. बारावीचे करंट आणि मॅग्नेटिझमचे धडे त्याने आता जीव ओतून केले, तर पुढे दम लागणार नाही.

कॉलेज निवडताना सर्वांत जास्त जपा. संस्थेला डीजीसीएची कार-147 मान्यता (प्रशिक्षण संस्थांसाठीची) आहे का, ती चालू आहे का, आणि नेमकी कोणत्या वर्गासाठी आहे, हे डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः पाहा. एखाद्या संस्थेकडे बी1.1 ची मान्यता असते, बी2 ची नसते, आणि माहितीपत्रकात दोन्ही छापलेले असते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम किमान 2400 तासांचा असतो. त्यातले प्रात्यक्षिक कुठे होते ते विचारा: चालू हँगरमध्ये, की आवारात उभ्या केलेल्या जुन्या विमानावर? 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्याकडून गेल्या तीन वर्षांत किती जणांना परवाना मिळाला, ते लेखी मागा. कोर्स संपला की परवाना हातात पडतो असे नाही. परीक्षा, मग प्रत्यक्ष कामाचा अनुभव, मग टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारच्या विमानाची पात्रता, हे सगळे झाल्यावरच मोठ्या विमानावर सही करता येते. एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी 2023 मध्ये नोंदवली, हे खरे आहे. पण विमाने टप्प्याटप्प्याने येतात, म्हणून मोठे कर्ज काढताना नोकरी लगेच लागेल असा हिशेब धरू नका. नागपूरला मिहानमध्ये देखभालीची केंद्रे आहेत आणि मुंबईत कामाची ठिकाणे आहेतच.

इंग्रजीची काळजी मी तुमच्याइतकी करत नाही. विमानाची मॅन्युअल मुद्दाम साध्या, ठरवून दिलेल्या इंग्रजीत लिहितात, ती जगभरच्या इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मेकॅनिकांना कळावीत म्हणून. त्या नियमावलीतले सर्वसाधारण मान्य शब्द सुमारे 900 आहेत, बाकीची तांत्रिक नावे. आज्ञार्थी, छोटी वाक्ये असतात. त्याला अवघड जाईल ते लिहिणे: रात्री तीन वाजता काय पाहिले, काय मोजले, काय बदलले, हे पुढच्या शिफ्टला कळेल असे टेक लॉगमध्ये लिहिणे. त्याची सवय आतापासून लावा. घरात जे दुरुस्त करेल त्याची रोज चार ओळींची इंग्रजी नोंद वहीत करू द्या.

मामांना सांगा, त्यांच्या क्षेत्रातूनही या कामात येता येते. या संगणकांचे सॉफ्टवेअर डीओ-178सी या कडक मानकाखाली लिहिले आणि तपासले जाते, आणि बंगळूरला एअरबस, बोइंग, हनीवेल यांची अभियांत्रिकी केंद्रे आहेत. तो रस्ता बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरमधून जातो. सीईटी चांगली गेली आणि मुलाला हातात पान्हा घेण्यापेक्षा कोड लिहिणे आवडत असेल, तर तोही विचार करा. पण हा निर्णय त्याने घ्यावा, मामांनी नव्हे.

फी भरण्याआधी निवडलेल्या दोन-तीन संस्थांची नावे आणि त्यांनी दिलेली लेखी उत्तरे मला पाठवा. मुलालाही सोबत दोन ओळी लिहायला सांगा, त्याने शेवटचा कोणता बिघाड शोधला आणि कसा, एवढेच.