पहिल्या साबणासाठी आणि लोशनसाठी तेलं निवडताना
एकदम सात-आठ तेलं आणू नकोस गं. पहिल्या साबणाला तीन पुरेत: खोबरेल, राइस ब्रान (तांदळाच्या कोंड्याचं तेल) आणि थोडं एरंडेल. खोबरेलाने वडी कडक होते, फेस भरपूर येतो. पण ते एकूण तेलाच्या ३० टक्क्यांवर गेलं की अंग कोरडं पडतं. एरंडेल ५ टक्के, फेस टिकायला. सूर्यफूल जपून वापर. मुंबईच्या दमट उकाड्यात माझ्या साबणाच्या एका घाण्यावर नारिंगी ठिपके आले, खवट वास सुटला, सगळा टाकावा लागला.

तेल बदललंस की कॉस्टिक सोड्याचा (तेलाचा साबण करणारा क्षार) हिशेब नव्याने कर. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम लागतं, एरंडेलाला १३च्या आसपास. त्यातूनही ५ टक्के कमीच घाल.

लोशनला मात्र कोकमाचं तेल घेच. कोकणात आज्या भेगाळलेल्या टाचांना लावतात, तेच. गोळा पांढरट, टणक. नखाने खरवडला तर भुगा पडतो, तळहातावर चोळला की हळूहळू पाघळतो. खोबरेल २४ अंशांनाच पातळ होतं, हे मे महिन्यातही घट्ट राहतं. पण ३-४ टक्केच घाल, तेलाचा बाकी भाग बदामतेल. आणि लोशनमध्ये पाणी असतं, तेव्हा प्रिझर्व्हेटिव्ह हवंच, त्यात काटकसर नको.