ट्रॅक्टरची ट्रॉली चालते आहे तोवर तिला हात लावू नये, असं मिस्त्री म्हणतो. खरं आहे का? वर्षाला किती खर्च धरावा?

साफ चूक आहे. आमच्या घरात याच वाक्यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची संत्र्याची बाग काटोलकडे. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात फुलणाऱ्या बहाराचा, माल क्रेटमध्ये भरून रात्री निघायचं आणि सकाळच्या लिलावाआधी नागपूरच्या कळमना बाजारात पोचायचं, असा आमचा रिवाज. त्या रात्री सोबत काकाजी होते. फेटरीजवळ चहाला थांबलो. थांबलं की दोन्ही चाकांच्या हबवर, म्हणजे बेअरिंग असलेल्या मधल्या भागावर, हात ठेवून पाहायचा, ही माझी सवय. उजवा हब कोमट होता. डाव्यावर हात ठेवताच झटकन मागे घ्यावा लागला, आणि रिमच्या आतल्या बाजूला पातळ झालेलं ग्रीस उडालेलं दिसलं. आमच्या ट्रॉलीला ब्रेकच नाही, म्हणजे हब तापायला बेअरिंगशिवाय दुसरं कारण उरत नाही. मी म्हटलं, गाडी पुढे जाणार नाही.

काकाजी भडकले. "अरे बाबू, चालून राहिली ना ट्रॉली! कळमना आता आलंच. काहून अडून बसला?"

मी अडूनच बसलो. गावातून ओळखीच्याची रिकामी ट्रॉली बोलावली, अंधारात क्रेट बदलले. तोवर लिलाव हुकला आणि माल दुसऱ्या दिवशीच्या भावात गेला. सकाळी आमची ट्रॉली जॅकवर घेऊन हबची टोपी काढली, तर स्प्लिट पिनच्या (नट सुटू नये म्हणून भोकातून घालून वाकवतात ती पिन) जागी खिळा! आदल्या महिन्यात काकाजींनी बेअरिंग बदलून आणली होती. बसवणाऱ्यानं नट कचकचून आवळला, भोकं जुळेनात म्हणून खिळा ठोकून वाकवला. बेअरिंगचे रोलर तापून निळे पडले होते आणि खिळा अर्धा कापला गेला होता. तो तुटला असता तर नट सुटून भरल्या ट्रॉलीचं चाक काटोल रोडवर निघालं असतं.

काकाजी आजही त्या दिवसाचा तोटा मोजतात. म्हणतात, "चाक निघालं कुठं?" निघालं नाही, कारण थांबलो. टळलेल्या अपघाताचं बिल येत नाही, म्हणून घरात त्याची किंमत शून्य धरली जाते. तुमचा मिस्त्रीही हेच करतोय.

बेअरिंग बसवताना चाक हातानं फिरवत नट आवळायचा, मग किंचित सैल करून भोक जुळवायचं आणि दर वेळी नवी स्प्लिट पिन लावायची. पोळ्यानंतर, सोयाबीनचा हंगाम लागायच्या आत, हब उघडून जुनं ग्रीस रॉकेलनं धुऊन काढा आणि एपी-३ ग्रीस भरा. जुन्यावरच नवं भरू नका. पावसाळ्यात भरल्या नाल्यातून ट्रॉली काढली असेल तर पुढच्या हंगामाची वाट पाहू नका. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ग्रीस दुधासारखं पांढरट दिसलं तर समजा पाणी शिरलंय.

हुकात सळईचा तुकडा घालून ट्रॉली ओढणारे लोक मला समजत नाहीत. पिन जाड, खालून लॉक असलेली हवी, आणि सोबत साखळी. चाक बदललं असेल तर भरल्या ट्रॉलीनं थोडं अंतर गेल्यावर नट परत आवळा. टायरची हवा सकाळी गार असताना पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात दुपारी घेतलेलं माप फसवं असतं. युरिया किंवा शेणखत वाहिलं की डाला (माल भरायचा भाग) त्याच दिवशी धुवा, नाहीतर पत्रा खालून गंजतो. मागचे लाल रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेले असताना रात्री रस्त्यावर येणं हा मागच्या मोटरसायकलवाल्यावर सरळ अन्याय आहे.

खर्चाचं म्हणाल तर ग्रीस, सील आणि पिना एवढंच. आकडा तुमच्या दुकानदाराला विचारा. खराब होत चाललेली बेअरिंग वेळीच सापडली नाही आणि हंगामात ट्रॉली उभी राहिली तर त्याहून कितीतरी जास्त जातं.

हे सगळं दोनचाकी ट्रॉलीचं झालं. चारचाकीला पुढच्या टर्नटेबललाही (पुढची चाकं जिच्यावर वळतात ती चकती) ग्रीस लागतं. हायड्रॉलिक असेल तर उचललेल्या डाल्याला भक्कम टेकू दिल्याशिवाय खाली कुणालाही जाऊ देऊ नका, मिस्त्र्यालाही नाही. आणि पुढच्या वेळी तो हब उघडेल तेव्हा शेजारी उभे राहा. जुनीच पिन सरळ करून लावायला लागला तर दुसरा मिस्त्री शोधा.