रंगावरची पहिली एकांकिका: एवढं सांभाळ

पहिल्या एकांकिकेसाठी त्वचेच्या रंगावरून माणूस जोखण्याचा विषय छान निवडलास. पहिल्या खेपेला १५ मिनिटांचा एकच प्रसंग घे, कांदेपोह्यांचा. "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस" हे आपल्याकडे कौतुक म्हणून बोललं जातं. सगळी मेख त्या 'पण'मध्ये आहे. मावशीला ते अगदी मायेनं म्हणू दे, मग मुलीला पोह्यांची बशी हातात घेऊन नुसतं उभं राहू दे. प्रेक्षक आधी हसतील, मग चपापतील. ती शांतता संवादानं भरू नकोस.

नवशिक्यांच्या ठरलेल्या चुका:
- गोऱ्या नटीला काळा रंग फासणं. हे कधीच नको. भूमिका सावळ्या मुलीलाच दे.
- मुलीच्या रंगावर हशा घेणं. हसं व्हायला हवं रंग जोखणाऱ्याचं.
- शेवटी भाषण.

तालमीआधी संहिता त्या मुलीला वाचायला दे. एकदा मी ते केलं नाही. 'डांबर'वरच्या विनोदाला टाळ्या पडल्या आणि ती विंगेत रडत होती. अजून सलतं.

संवादांसाठी स्थळांच्या जाहिराती चाळ. 'फेअर अँड लव्हली'चं २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं, स्थळांच्या जाहिरातींतली 'गोरी' मात्र हटलेली नाही. प्रकाशयोजना, नेपथ्य नंतर बोलू.